फ्रिजच्या मागच्या, हात न पोहोचणाऱ्या पाण्याच्या ट्रेचा वास कसा घालवावा?

केळीबाग, जळगाव

नमस्कार. आमच्याकडे दोन दरवाजांचा, फ्रॉस्ट-फ्री प्रकारचा फ्रिज आहे. मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून स्वयंपाकघरात त्याच्या बाजूने आंबूस आणि कुबट असा वास येऊ लागला आहे. सुरुवातीला आतच काहीतरी नासले असावे असे वाटल्यामुळे मी संपूर्ण फ्रिज रिकामा केला, काचेचे कप्पे, भाजीचा खण आणि दरवाजाचे रबर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घेतले, आणि भरिताचा व ठेच्याचा डबासुद्धा काही दिवस बाहेर ठेवून पाहिला. आता आत नाक घातले तरी वास येत नाही. मात्र कॉम्प्रेसर बराच वेळ चालू राहिला की मागच्या बाजूने येणारा वास वाढतो.

म्हणून फ्रिज पुढे ओढून मागच्या खालच्या बाजूचा जाड पुठ्ठ्याचा पत्रा उघडला आणि टॉर्च लावून पाहिले. कॉम्प्रेसरच्या डोक्यावर काळ्या प्लास्टिकचा एक ट्रे बसवलेला असून त्यात थोडे पाणी आणि तळाशी पिवळट-काळा बुळबुळीत थर दिसतो. अडचण अशी आहे की ट्रेमधून तांब्याची नळी वळसा घालून गेलेली असल्यामुळे तो बाहेर ओढता येत नाही, आणि माझी बोटे जेमतेम पुढच्या काठापर्यंत पोहोचतात. एका मेकॅनिकला दाखवले, तर त्याचे म्हणणे पडले की नळी कापून, ट्रे काढून, पुन्हा गॅस भरावा लागेल. ट्रे धुण्यासाठी एवढा खटाटोप आणि खर्च करणे मला पटत नाही.

ट्रे जागेवरच ठेवून स्वच्छ करता येतो का, त्यासाठी काय वापरावे, आणि पुन्हा वास येऊ नये म्हणून काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. घरात सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे उग्र वासाचे काही वापरण्याची माझी तयारी नाही.

अमळनेरकर

ताई, फार विचार करू नका. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून ट्रेमध्ये ओता, वरून थोडे फिनाईल टाका, आणि रात्रभर तसेच राहू द्या. संडास-बाथरूमची घाण ज्याने जाते, त्याने फ्रिजच्या ट्रेची का जाणार नाही? आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीच्या भोवतीही हाच उपाय चालतो.

दुरुस्तीवाला, भुसावळ

वरील सल्ला कृपया अमलात आणू नये. अमळनेरकर भाऊंचा हेतू चांगला आहे, परंतु हा ट्रे आणि संडासाचे भांडे यांत एक मूलभूत फरक आहे: या ट्रेला निचराच नसतो. त्यात आलेले पाणी कोठेही वाहून जात नाही, ते कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाफ होऊन तुमच्या स्वयंपाकघरातच मिसळते. त्यामुळे तेथे जे ओताल, ते हळूहळू श्वासावाटे घरातल्यांच्या छातीत जाणार, आणि दम्याच्या रुग्णासाठी क्लोरीनचा वास ही गंभीर गोष्ट आहे. त्याशिवाय ब्लीचमुळे तांब्याची नळी आणि कॉम्प्रेसरचे लोखंड गंजते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वासारखे आम्ल मिसळले, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनियायुक्त काच-क्लीनर मिसळला तर क्लोरामाइनचे तितकेच घातक वायू तयार होतात. घरात दोन वेगवेगळे क्लीनर एकत्र करण्याची सवय असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये फ्रीजरच्या मागच्या पडद्याआड थंड करणारी जाळी असते आणि पंखा संपूर्ण फ्रिजमधील हवा त्या जाळीवरून फिरवतो. हवेतले बाष्प जाळीवर दहिवरासारखे गोठते. मग काही तासांच्या अंतराने जाळीखालचा हीटर आपोआप चालू होऊन तो बर्फ वितळवतो, आणि ते पाणी एका नळीतून खाली कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरते. आपल्या ट्रेमधून जी तांब्याची नळी फिरवलेली आहे, ती उगीच अडचण म्हणून दिलेली नाही. तिच्यातून कॉम्प्रेसरने दाबलेला गरम गॅस जातो, त्यामुळे पाणी लवकर उडते आणि गॅसही काही प्रमाणात थंड होतो. अशा रचनेत ट्रे बाहेर काढण्यासाठी नळी कापावीच लागते, हे त्या मेकॅनिकचे म्हणणे खोटे नाही. परंतु धुण्यासाठी ट्रे बाहेर काढणेच आवश्यक आहे, हे मात्र मला मान्य नाही.

कॉम्प्रेसरवर गॅसचे नाव लिहिलेला स्टिकर असतो, तो आधी वाचावा. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन भरलेला असतो आणि तो ज्वालाग्राही आहे, म्हणून स्टिकरवर पिवळ्या त्रिकोणात ज्योतीचे चिन्ह आढळते. नळी जोर लावून वाकवली आणि सांध्याला चीर गेली, तर गॅस निघून जाईल आणि फ्रिज निकामी होईल. त्यामुळे ट्रे पकडीने उपटणे, पेचकस घालून उचकटणे, किंवा नळीला धरून फ्रिज ओढणे हे प्रकार अजिबात करू नयेत.

कामाला हात घालण्यापूर्वी नुसते बटण बंद करून थांबू नये. स्टॅबिलायझर असेल तर त्यातून प्लग काढावा आणि कॉम्प्रेसर हाताला कोमट लागेपर्यंत वाट पाहावी, कारण चालू असताना तो चटका बसण्याइतका तापतो. कॉम्प्रेसरच्या बाजूला वायरी जोडलेला एक डबा दिसेल. त्यावर पाणी पडू नये यासाठी प्लास्टिकची पिशवी बांधून टाकावी. फ्रिज आडवा करण्याचा मोह टाळावा. आडवा केल्यास कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांमध्ये शिरते, आणि तसे झालेच तर उभा करून काही तास थांबल्याशिवाय चालू करता येत नाही.

एक प्रश्न विचारतो. तळाचा थर पिवळट आहे आणि वास आंबूस आहे, असे आपण लिहिले आहे. नुसत्या बाष्पाच्या पाण्याचा थर सहसा करडा किंवा काळपट असतो आणि वास ओल्या फडक्यासारखा येतो. उन्हाळ्यात वीज गेल्यावर फ्रीजरमधले काही वितळले होते का?

पांझराकाठ, धुळे

आमच्याही फ्रिजचा ट्रे असाच अडकलेला असून, गेली काही वर्षे मी तो जागेवरच स्वच्छ करते. पद्धत सांगते, त्यातले आपल्याला सोयीचे वाटेल ते घ्यावे.

औषधाच्या दुकानात सुई नसलेली ५० मिलीची मोठी सिरिंज आणि सलाईनची नळी मिळते. नळीचे दोन्हीकडचे जोड कापून हातभर तुकडा घ्यावा आणि सिरिंजच्या तोंडावर घट्ट बसवावा. नळी लवचीक असल्यामुळे तांब्याच्या वेटोळ्यांमधून वळून ट्रेच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत जाते, जेथे आपली बोटे कधीच जाऊ शकत नाहीत. प्रथम साचलेले सगळे पाणी ओढून बादलीत टाकावे. काही जण आधीच सोडा ओततात, त्यामुळे घाण पातळ होऊन पसरते आणि काम दुप्पट होते.

त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा आणि भांडी घासण्याच्या लिक्विडचे थोडे थेंब घालून, ते पाणी त्याच सिरिंजने ट्रेमध्ये सोडावे. ट्रे काठोकाठ भरू नये, निम्मा भरला तरी पुरे. अर्धा-पाऊण तास भिजू दिल्यावर बुळबुळीत थर सैल होतो. खरकटे भिजवल्याशिवाय कढई निघत नाही, तसेच हे आहे. घाईने घासून उपयोग नाही. घासण्यासाठी बाटली धुण्याचा लांब दांड्याचा ब्रश चालतो, पण त्याच्या आतील तार पक्की असल्याने नळीवर खरखर होते. मला त्यापेक्षा लाकडी उलथन्याच्या दांड्यावर जुन्या बनियनची चिंधी सुतळीने करकचून बांधलेली बरी वाटते. ती कोपऱ्यातही दबते आणि नळीच्या खालूनही सरकते. लोखंडी तार किंवा भांड्याची घासणी अजिबात नको, कारण प्लास्टिकवर ओरखडे पडले की पुढचा थर त्यातच घर करतो.

घाण पाणी ओढून काढावे, पुन्हा स्वच्छ पाणी सोडावे, पुन्हा ओढावे, आणि बादलीत येणारे पाणी नितळ दिसेपर्यंत हेच करत राहावे. ट्रे पूर्ण कोरडा झाल्याशिवाय नाक लावून निकाल ठरवू नये.

आपल्याकडच्या पाण्याविषयी एक वेगळी सूचना करावीशी वाटते. ट्रेमध्ये येणारे पाणी हे हवेतल्या बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि त्याने पांढरा थर बसत नाही. परंतु आपण बोअरच्या जड पाण्याने ट्रे खंगाळला आणि थोडे पाणी आत राहिले, तर ते उडून गेल्यावर क्षारांचा खरखरीत पापुद्रा राहतो आणि पुढच्या वेळी घाण त्यालाच चिकटते. म्हणून शेवटचे खंगाळणे उकळून गाळलेल्या पाण्याने नव्हे, तर शक्यतो पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने करावे. उकळल्याने सगळे क्षार जात नाहीत. आधीच पांढरा पापुद्रा असेल, तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून थोडा वेळ ठेवावे आणि नंतर भरपूर पाण्याने काढून टाकावे. आम्ल तांब्यावर फार वेळ राहू देऊ नये.

केळीबाग, जळगाव

आपण दोघांनीही इतक्या सविस्तरपणे लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार.

दुरुस्तीवाले भाऊ, आपला अंदाज बरोबर असावा. आखाजीनंतर आम्ही आमरस पिशव्यांमध्ये भरून फ्रीजरमध्ये ठेवला होता. मे महिन्याच्या शेवटी वादळी पाऊस झाला, तेव्हा रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीज नव्हती. वीज आल्यावर फ्रीजर उघडला तर एका पिशवीतून रस गळून तळाशी पसरला होता. दिसत होता तेवढा मी पुसून घेतला, आणि तो मागच्या बाजूने खाली जाऊ शकतो ही कल्पनाच आली नाही.

ताईंच्या पद्धतीने ट्रे धुतला आणि खरोखरच पिवळट गाळ निघाला. त्या दिवशी वास अगदी गेला होता. आता मात्र पुन्हा किंचित आंबूस वास येतो, विशेषतः पहाटे. ट्रेमध्ये पाहिले तर नवे पाणी थोडे गढूळ दिसते. म्हणजे वरून अजून काही येत आहे का?

दुरुस्तीवाला, भुसावळ

होय, वरूनच येत आहे. रस फ्रीजरच्या मागच्या पडद्याखालून जाळीच्या पन्हाळीत उतरला आणि तेथून नळीत गेला. ट्रे हे त्या वाटेचे शेवटचे टोक आहे. दर वेळी हीटर चालू झाला की वितळलेले पाणी नळीतला आंबलेला रस थोडा थोडा धुऊन खाली आणते. नळी धुतल्याशिवाय ट्रे कितीही घासला तरी तो पुन्हा घाण होणार.

नळीचे खालचे टोक ट्रेच्या वर दिसेल. पुष्कळ मॉडेलमध्ये त्या टोकाला रबराची चपटी चोच असते. ती पाण्याच्या वजनाने उघडते आणि एरवी मिटलेली राहते, म्हणजे बाहेरची गरम हवा आणि झुरळे वर जात नाहीत. गोड चिकट पदार्थ सर्वांत जास्त याच चोचीत अडकतो. ती हळूच खाली ओढली की निघते. सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून, जुन्या टूथब्रशने आतून घासून, पुन्हा होती तशीच बसवावी. चोच काढलेली असताना सिरिंजची नळी खालून वर सरकवून कोमट सोड्याचे पाणी हलक्या हाताने सोडावे आणि ते परत ट्रेमध्ये उतरू द्यावे. पाणी उकळते नसावे, आणि जोराने पिचकारी मारू नये, नाहीतर पाणी वर इन्सुलेशनमध्ये शिरण्याची शक्यता असते. वर ढकललेले पाणी परत आलेच नाही, किंवा फ्रीजरच्या तळाशी बर्फाची लादी तयार होत असेल, तर नळी तुंबलेली किंवा गोठलेली आहे असे समजावे.

त्या परिस्थितीत फ्रीजरचा मागचा पडदा उघडावा लागतो, आणि ते काम मात्र जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. पडद्यामागे पंख्याच्या आणि सेन्सरच्या बारीक वायरी असतात, जाळीच्या पत्र्यांनी हात कापतो, आणि चाकूने बर्फ फोडताना जाळीला भोक पाडून घेतलेले लोक आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. मेकॅनिकला "ट्रे बदला" असे न सांगता "पडदा उघडून पन्हाळ आणि नळी धुऊन द्या" असे स्पष्ट सांगावे. या कामात गॅसला हात लावण्याचा संबंध येत नाही, त्यामुळे गॅस भरण्याचे पैसे कोणी मागितले तर कारण विचारावे.

वासाच्या प्रकाराकडेही लक्ष असू द्यावे. आंबूस किंवा कुबट वास हा घाणीचा असतो. सडक्या मांसासारखा वास आला तर कॉम्प्रेसरच्या उबेला आलेली पाल किंवा उंदीर मरून पडला आहे का ते पाहावे. परंतु जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा उग्र वास आल्यास तो वायरीचा अथवा जोडाचा असू शकतो. तेव्हा प्लग काढून ठेवावा आणि धुणेपुसणे करत बसू नये.

सातपुडा, नंदुरबार

मी आरोग्य विभागात काम करतो, त्यामुळे या चर्चेत वास सोडून दुसरी एक बाजू मांडतो. पावसाळ्यात आमचे कर्मचारी घरोघरी पाहणीसाठी जातात, तेव्हा कूलर, टायर आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांइतकाच फ्रिजच्या मागचा ट्रे तपासतात, आणि घरातल्यांना त्याचे नेहमीच आश्चर्य वाटते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या आणि थोड्याशा पाण्यातही अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळण्यास सांगितले जाते.

मे महिन्यात, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते, तेव्हा ट्रेमध्ये पाणी फारसे टिकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उलट होते: हवेत बाष्प जास्त असल्याने पाणी जास्त येते आणि उडते कमी. गरम नळी फिरवलेल्या ट्रेमध्ये अळ्या होण्याचा संभव कमी असला, तरी जुन्या एका दरवाजाच्या फ्रिजमध्ये, आणि विशेषतः गावी जाताना बंद करून ठेवलेल्या फ्रिजमध्ये, तो चांगलाच असतो. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ट्रेच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्या अवस्थेत कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भिंती चिंधीने घासल्याच पाहिजेत. पांझराकाठ ताईंनी सांगितलेली दांड्यावरची चिंधी याही कामाला योग्य आहे.

अमळनेरकर

ब्लीच आणि फिनाईलविषयीचे स्पष्टीकरण पटले, आणि ट्रेला निचरा नसतो हे मला नव्यानेच कळले. माझा एक प्रश्न आहे. आमचा फ्रिज एका दरवाजाचा, बटण दाबून बर्फ वितळवण्याचा आहे. त्यालाही हेच सगळे लागू होते का? आणि पावसाळ्यात त्याचा ट्रे भरून पाणी फरशीवर येते, त्याचे काय करावे?

पांझराकाठ, धुळे

भाऊ, आपले काम पुष्कळ सोपे आहे. एका दरवाजाच्या बहुतेक फ्रिजमध्ये मागचा ट्रे कॉम्प्रेसरवर नुसता ठेवलेला किंवा एखाद्या स्क्रूने अडकवलेला असतो. प्लग काढून, स्क्रू सोडवून, पाणी न सांडता आडवा सरकवला की ट्रे हातात येतो आणि मोरीत नेऊन धुता येतो. आतमध्ये मागच्या भिंतीला खालच्या बाजूस एक लहान छिद्र दिसेल. दूध उतू गेले किंवा शेवभाजीचा रस्सा सांडला, तर तो त्याच छिद्रातून ट्रेमध्ये जातो. तेथे कोमट पाण्याची सिरिंज वरूनच मारता येते. छिद्रात काडी किंवा खराट्याची हीर खुपसू नये, ती आत मोडली तर निघत नाही.

पाणी फरशीवर येण्याचे कारण बहुधा दरवाजाचे सैल झालेले रबर असते. कागदाचा तुकडा दरवाजात धरून दार लावावे आणि ओढून पाहावा; सहज निसटला तर तेथून दमट हवा आत शिरते, बर्फ जास्त साचतो आणि पाणीही जास्त येते. रबराच्या घड्यांमध्ये साचलेली घाण पुसून, ते गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने शेकले तर पुष्कळदा पुन्हा नीट बसते. वाफाळती डाळ आणि उघडी भांडी आत ठेवणेही थांबवावे. बटण दाबून बर्फ वितळवायचा तो फार साचण्याआधीच वितळवावा, म्हणजे पाण्याचा एकदम लोंढा येणार नाही.

केळीबाग, जळगाव

चोच काढून पाहिली. आत रसाचा चिकट, तपकिरी गोळाच होता. नळीतून सोड्याचे पाणी सोडल्यावर सुरुवातीला गढूळ आणि नंतर स्वच्छ पाणी खाली आले, म्हणजे नळी मोकळी आहे. त्यानंतर पहाटेचा वासही आलेला नाही. फक्त मागचा पुठ्ठा अजून बसवलेला नाही, कारण दर आठवड्याला ट्रे पाहायचा तर तो उघडाच ठेवावा, असे घरात सर्वांचे मत पडले आहे. चालेल का?

दुरुस्तीवाला, भुसावळ

तो पुठ्ठा अवश्य बसवावा. आपल्या प्रकारच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरशेजारी लहान पंखा असेल, तर त्याची हवा त्या पुठ्ठ्यामुळेच कॉम्प्रेसरवरून आणि ट्रेवरून जाते. पुठ्ठा नसेल तर हवा बाहेरच्या बाहेर निघून जाते, कॉम्प्रेसर जास्त तापतो आणि पाणीही कमी उडते. शिवाय पाली आणि उंदरांना वाट मिळते. दर आठवड्याला उघडायचा असल्यास सगळे स्क्रू घट्ट करू नका, वरचे दोन पुरतात. बसवण्यापूर्वी कॉम्प्रेसरवर बांधलेली प्लास्टिकची पिशवी काढली आहे का, हे तेवढे पाहून घ्या.